चौभोकी

"राजाची काठी म्हणे! राजाला काय भोकं पाडलेलं हाडूकच मिळालं होतं मिरवायला?"

एवढं बोलून ठिणगीनं हातातला ब्रश बादलीत आपटला. गढूळ पाणी उडालं ते थेट मुकादमाच्या पँटवर.

मुकादमानं आधी पँट झटकली, मग तोंड उघडलं. "तुझं काम धुवायचं. ओळखायचं काम शिकलेल्यांचं. आठवीतून पळून आलेल्यांनी त्यात नाक खुपसू नये."

"मग शिकलेल्यांनाच विचारा, काठी होती तर धरायची कुठं? चार भोकं आहेत मधोमध. राजानं हात ठेवायचा कुठं, डोक्यावर?"

बादल्यांभोवती बसलेल्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. मुकादमाचे कान लाल झाले. सतरा वर्षांच्या पोरीनं चारचौघींत आपल्याला उघडं पाडावं हे त्याला रोजच सोसावं लागत होतं, पण सवय काही होत नव्हती. तिला ठिणगी हे नाव त्यानंच ठेवलं होतं, कामाला आली त्याच्या दुसऱ्या दिवशी. तिचं खरं नाव आता फक्त हजेरीच्या वहीत उरलं होतं.

नदीकाठच्या टेकाडावर उकरायचं काम चालू होऊन दोन महिने झाले होते. शहरातून साहेब आले, दोऱ्या बांधून चौकोन आखले, आणि गावातल्या रिकाम्या हातांना काम मिळालं. पुरुष खणायचे, बाया माती चाळायच्या, आणि ज्यांची बोटं बारीक त्या ताडपत्रीच्या सावलीत बसून सापडलेली खापरं, मणी, हाडं धुवायच्या. ते हाडूक काल दुपारी तिसऱ्या खड्ड्यातून निघालं. वीतभर लांब, अंगठ्याएवढं जाड, चार गोल भोकं एका ओळीत. आज सकाळपासून ते पत्र्याच्या ट्रेमध्ये कापसावर निजलं होतं आणि येणारा जाणारा त्याच्याकडं बघून आपली अक्कल पाजळत होता.

मोठे साहेब हळू आवाजात म्हणाले होते की ही मानाची काठी असावी, कुणा सरदाराची नाहीतर राजाची. त्यांच्या हाताखालच्या पोरानं भोकाला ओठ लावून फुंकून बघितलं. आवाज निघाला नाही, नुसती थुंकी उडाली. वहीवाल्या बाई, म्हणजे ज्या प्रत्येक वस्तूला नंबर देऊन वहीत लिहायच्या, त्यांनी भोकांच्या आतल्या तिरक्या खाचा मोजल्या आणि चंद्राच्या दिवसांशी काही जमतंय का ते बघितलं. पाणी भरणारा म्हणाला फणी असेल, चार सवतींची. सगळ्यात म्हातारी धुणारी, जिच्या तोंडात एकही दात नव्हता, ती म्हणाली, "चार नातवंडांची बोटं अडकवून ठेवायला असणार. तेवढीच घरात शांतता."

त्यावर सगळे हसले. ठिणगी हसली नव्हती. कारण ते हाडूक काल तिनंच धुतलं होतं, आणि पहिल्या भोकातला चिखल गळाला तेव्हाच तिच्या बोटांनी ते ओळखलं होतं. डोक्याला कळायच्या आधी. घरी प्रत्येक दोर संपला की चौभोकी साफ करायचं काम तिचं. कुंचल्याचा राठ केस भोकात घालायचा, तीनदा डावीकडं फिरवायचा, दोनदा उजवीकडं, मग फुंकर. भोकात वाखाचा, म्हणजे दोराच्या तंतूचा, भुगा राहिला तर पुढच्या दोराचा पेड अडकतो. काल तिनं तसंच केलं. तीनदा डावीकडं, दोनदा उजवीकडं. कानातल्या मळासारखं काळं, तेलकट काहीतरी निघालं. तिनं ते बोटानं बादलीत झटकलं, बादली वाटेवरच्या फुफाट्यावर ओतली, आणि हाडूक फुंकून, चकचकीत करून ट्रेमध्ये ठेवलं. तेव्हा कुठं तिच्या ध्यानात आलं की आपण घरी नाही.

रात्रभर ती गप्प राहिली होती. सकाळीही राहिली असती. पण राजाची काठी तिच्यानं गिळवेना.

"एवढं कळतं तर तूच सांग," मुकादम म्हणाला. "आम्ही ऐकतो."

"दोर वळायची चौभोकी आहे ती. चार भोकांतून चार पेड घालायचे आणि वळत जायचं. आमच्या घरी असलीच आहे, खुंटीला. माझे बाबा तिनंच दोर वळतात."

वहीवाल्या बाईंचं पेन थांबलं. बाया हसायच्या थांबल्या. ठिणगीला वाटलं होतं, कुणीतरी म्हणेल, अगं खरंच की. कुणी म्हणालं नाही.

"घरी आहे?" बाईंनी विचारलं. "कुठून आणली?"

"आणली नाही. आहेच. माझ्या बाबांच्या आजोबांपासून."

मुकादम बाईंकडं वळला आणि मऊ आवाजात म्हणाला, "असल्या वस्तूंना पाय फुटत नाहीत, बाई. कुणाच्यातरी ओटीतून घरी जातात त्या."

ठिणगी उठली होती, ब्रश घेऊनच. म्हातारीनं तिचा घोटा धरून तिला खाली बसवलं.

*

दोरवाल्याचं घर टेकाडाच्या पायथ्याशी. घर म्हणजे दोन खोल्या. खरं घर म्हणजे घरामागची पट्टी. साठ पावलं लांब, तीन पावलं रुंद, पिढ्यान्‌पिढ्या मागं-पुढं चालून दगडासारखी कडक झालेली. एका टोकाला चाक, त्याच्या फळीला चार आकडे. चाक फिरवलं की चारही आकडे एकदम फिरतात. दुसऱ्या टोकाला दगड लादलेली फळी, तिला एकच आकडा आणि मूठ. चाकावर आई, मुठीवर ठिणगी, आणि मधे हातात चौभोकी धरून चालणारा बाप. त्याच्या पुढं चार सुटे पेड, मागं तयार दोर. इकडून तिकडं चालत गेला की दोर झाला.

ऐकायला सोपं आहे. पण बापाची बोटं गेली होती. कापली नव्हती, वाकली होती. सांधे आल्याच्या गाठीसारखे सुजलेले, सकाळी पाण्याचा तांब्या दोन्ही तळव्यांत धरून उचलायचा. लाकडाचं तीन खाचांचं बोंड बाजारात मिळायचं, पण त्यात पेड बोटांनी दाबून धरावे लागतात. चौभोकीला बोटांची गरज नव्हती. आतल्या तिरक्या खाचा पेडाला आपोआप पीळ धरायला लावायच्या. मूठभर हाड तळव्यात धरायचं आणि चालायचं, बस. डॉक्टर म्हणाला होता, दुसरं काम बघा. बाप म्हणाला होता, तळवे आहेत अजून.

आणि त्यात हा उन्हाळा. वाख काढायचा तर घायपाताची पानं पंधरा-पंधरा दिवस पाण्यात कुजवावी लागतात. तळं आटून भेगाळलं होतं, नदीत डबकी उरली होती. बापानं एका डबक्याला बांध घालून, रोज चार घागरी ओतून, वर्षाचा म्हणून जेवढा वाख काढला तो एका दोरापुरता होता. तो दोर विहीरवाल्याचा. विहिरी आटल्या तशा खोल न्यायच्या होत्या, आणि विहीरवाला माणसं खाली सोडायला प्लास्टिकचा दोर वापरत नव्हता. एकदा वापरला होता. त्यात त्याचा धाकटा भाऊ गेला. तेव्हापासून तो चौपेडी दोरच घ्यायचा आणि घेताना दरवेळी एकच म्हणायचा, "तुझ्या दोराला माझा जीव टांगलेला असतो, म्हणून तुझ्याशी भांडता येत नाही बघ."

त्या संध्याकाळी ठिणगीनं घरी सगळं सांगितलं. सगळं म्हणजे, धुण्यातलं सोडून.

आई वाख विंचरत होती. तिचे हात थांबले नाहीत, पण विंचरणी जोरात चालायला लागली. "तुझ्या जिभेला हाड नाही हे माहीत होतं. आता घरातलंही हाड घालवून ये. ते लोक काय बघून परत ठेवतात? परवा कुंभाराचा रांजण नेला, आणला का परत?"

"मला चोर म्हणाला तो."

"म्हणू दे की. म्हणून घरातली वस्तू दाखवायची त्याला? उद्या म्हणेल तुझा बाप तुझा नाही, मग काय घेऊन जाशील दाखवायला?"

ठिणगीकडं उत्तर होतं, पण तेवढ्यात तिनं बापाकडं बघितलं आणि ते विसरली. बाप चौभोकी खुंटीवरून काढून दारातल्या उजेडात बघत होता. हसत होता तो. दोन वर्षांत तिनं असं हसू बघितलं नव्हतं.

"खड्डा किती खोल होता?" त्यानं विचारलं.

"माझ्या दोन उंच्या."

"म्हणजे हजार वर्षं तरी."

"साहेब म्हणतात कितीतरी हजार."

बापानं मान हलवली. "आजोबा फळीचा खुंट रोवायला खणत होते तेव्हा ही मिळाली. फेकणारच होते. मग म्हणाले, भोकं आहेत तर पेड घालून बघू." त्यानं चौभोकी गालाला लावली. "तेव्हापासून मला वाटायचं, आपण हिला हे काम उगीच लावलंय. असेल दुसऱ्याच कशाची. आणि इथंच, याच टेकाडावर, कुणीतरी हेच करत होतं गं. हेच."

आई म्हणाली, "करत होतं ना? मग गप्प बसा. त्याला कुणी विचारायला आलं नाही, तुम्हालाही येऊ नये."

"येऊ देत. बघू देत त्यांना. आपल्या कामाची गोष्ट आहे, शिकलेल्या माणसाला कळेल." मग तो ठिणगीकडं वळला. "भोकं बघितलीस का त्यांच्या चौभोकीची? आत भुगा असणार बघ. वाखाचा. तो कितीही वर्षं राहतो, तेल असतं त्यात. तो बघितला की साहेबांना दुसरं काही सांगायलाच नको. तूच धुतलीस ना?"

"मी धुतली."

"मग? होता?"

ठिणगीनं खाली बघितलं. वाखाचा एक तंतू तिच्या पायाच्या अंगठ्याला चिकटला होता, तो तिनं काढला. "चिखल होता नुसता."

"आत राहिला असेल," बाप म्हणाला. "खोल असतो तो."

*

दुसऱ्या दिवशी तिला धुण्यावरून काढून टोपल्यांवर घातलं. सावलीतून उन्हात. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर माती, खड्ड्यापासून ढिगापर्यंत आणि परत. मुकादमानं कारण सांगितलं नाही, सांगायची गरजही नव्हती. संध्याकाळी सुटताना तिला तेवढं बाजूला घेतलं आणि जेवणाचा डबा उघडायला लावला. मग चुंबळ सोडायला लावली. तिनं ती सोडली, झटकली, आणि त्याच्यापुढं धरली. "केसांत बघता का? उवा आहेत दोन. नंबर घाला त्यांना."

बाया हसल्या नाहीत या वेळी. सगळ्यांना घरी जायची घाई होती.

तीन दिवस असंच. बापाचं बोलावणं तिनं पहिल्याच दिवशी वहीवाल्या बाईंकडं पोचवलं होतं. घरी आल्यावर बापाचा एकच प्रश्न, साहेब कधी येतो म्हणाले? पेड तयार झाले होते. चार पेड, पट्टीभर लांब, तेलाचा हात फिरवलेले, वळ्या करून कोपऱ्यात. विहीरवाला येऊन बघून गेला. त्याची माणसं दोन दिवस बसून होती, खालच्या आळीत पाण्यावरून डोकी फुटायची वेळ आली होती. तो म्हणाला, आता वळून टाक, कशाला थांबलास? बाप म्हणाला, साहेब येणार आहेत. आयतं काम दिसलं पाहिजे. मोडकं-तोडकं दाखवण्यात काय अर्थ, खराच दोर वळून दाखवतो.

विहीरवाल्यानं ठिणगीकडं बघितलं, म्हणाला, "तुझ्या बापाला काय झालंय? लग्न ठरल्यासारखा करतोय."

चौथ्या दिवशी टोपली रिकामी करून येताना तिला वहीवाल्या बाईंनी हाक मारली. बाई वाईट नव्हत्या. त्यांनी तिला पाणी दिलं, सावलीत उभं केलं आणि विचारलं, "खरं सांग. आपल्या हाडात भोकं होती, त्यात काही होतं का? माती सोडून?"

हीच वेळ होती. मुकादम लांब होता, साहेब तंबूत होते. पण धुताना भोकात काही घालायचं नाही, हे पहिल्या दिवशी बाईंनीच सगळ्यांना बजावलं होतं. फक्त वरून मऊ ब्रश. भोकात राठ केस घातला म्हटलं तर काम गेलं; आणि आज घरात तिच्याच मजुरीवर चूल पेटत होती. तिला वाटलं, आज नको. बाबांनी दोर वळून दाखवला की आपोआप कळेल सगळं. डोळ्यांनी बघितल्यावर भुग्याची कुणाला गरज?

"नव्हतं काही," ती म्हणाली.

बाईंनी वहीत तसं लिहिलं. ठिणगीला उलटी अक्षरंही वाचता यायची. 'भोके स्वच्छ.'

*

साहेब आले ते पाचव्या दिवशी, दुपार कलताना. गाडी दारात, ड्रायव्हर गाडीतच. बरोबर वहीवाल्या बाई आणि मुकादम. बापानं दाढी केली होती. वाकड्या बोटांनी केलेली, हनुवटीवर दोन ठिकाणी कापलं होतं. धुतलेला शर्ट, बटणं आईनं लावून दिलेली. पट्टी सकाळी झाडून पाणी मारून ठेवली होती. पिण्याच्या पाण्यातलं पाणी, त्यावरून आई-बापाचं वाजलंही होतं. पेड ताणून लावलेले, चौभोकी दगडांच्या फळीच्या टोकाला ओवलेली. विहीरवाला भिंतीला टेकून उभा होता.

"चला," बाप म्हणाला.

आईनं चाक फिरवायला घेतलं. चारही पेड पीळ खाऊ लागले, आवळले, बारीक गुणगुणायला लागले. ठिणगीनं मूठ उलटी फिरवली. बाप चौभोकी तळव्यांत धरून चालायला लागला आणि त्याच्या मागं, जिथं काही नव्हतं तिथं, दोर होऊ लागला. गोल, घट्ट, एकसारखा. दगडांची फळी इंचाइंचानं पुढं सरकायला लागली, कारण वळताना दोर आखडतो. साहेब बापाच्या बरोबरीनं चालत होते, पाठीवर हात बांधून, वाकून. बाप बोलत होता. दोन वर्षांत बोलला नसेल तेवढं. पेड कसा शिरतो, खाच त्याला कशी कुशीवर वळवते, हात सैल ठेवला तर काय होतं, हे सगळं. मुकादमसुद्धा तोंड उघडं ठेवून बघत होता. ठिणगीला वाटलं, झालं. आता झालं.

चाळीस पावलं झाली आणि साहेब म्हणाले, "थांबा. असंच राहू द्या. फोटो घेऊ."

बाप थांबला. आईनं चाक थांबवलं, पण दांडा सोडला नाही. सोडला की पीळ उलटा जातो. ठिणगीनंही मूठ दोन्ही हातांनी धरून ठेवली. तिच्यापासून बाप चाळीस पावलांवर, आई त्याच्यापुढं वीस. फोटो निघाले. पुढून, बाजूनं, मापाची पट्टी लावून. मग साहेब खाली बसले, चौभोकीच्या भोकांत भिंगातून बघत राहिले. बराच वेळ.

"फार छान," ते म्हणाले. "तुमचं काम फार छान आहे, काका. किती वर्षं वापरताय ही?"

"आजोबांपासून. इथंच खणताना मिळाली त्यांना. सत्तर-ऐंशी वर्षं."

"तोच प्रश्न आहे." साहेब उठले, गुडघे झटकले. "ही झीज आहे ना भोकांची, ती तुमच्या दोरांची आहे. मूळची कुठली, हे आता सांगता येणार नाही. तुम्ही दोर वळता म्हणून ती दोराची ठरत नाही. उद्या कुणी राजाच्या तलवारीनं कांदा चिरला म्हणून ती सुरी होत नाही."

मुकादम हसला.

बापाला राग आला नाही. तो समजावून सांगायला लागला, लहान मुलाला सांगावं तसं. "आमची सोडा, साहेब. तुमची बघा. खड्ड्यातली. तिला तर आम्ही हात लावला नाही ना? तिच्या भोकात भुगा असणार. वाखाचा काळा भुगा. तो मिळाला की मग माझं काही ऐकू नका."

साहेबांनी बाईंकडं बघितलं. बाईंनी वही उघडली. "भोकं स्वच्छ होती, सर. तपासून घेतलंय मी."

बापानं मान वळवून पट्टीच्या टोकाकडं, ठिणगीकडं बघितलं. नुसतं बघितलं, काही विचारत नव्हता. त्याच्या कानामागून घाम उतरत होता आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

"होता," ठिणगी म्हणाली.

लांबून कुणाला ऐकू गेलं नाही. ती मोठ्यानं म्हणाली, "भुगा होता भोकात. मी काढला. घरी काढते तसा. बादलीत झटकला आणि बादली वाटेवर ओतली."

मग वहीवाल्या बाई म्हणाल्या, "मी तुला विचारलं होतं. कालच विचारलं होतं ना गं?"

"विचारलं होतं."

"तेव्हा नव्हता म्हणालीस."

"कामावरून काढाल म्हणून म्हणाले. होता. काळा, तेलकट. वास घेतला असता तरी कळलं असतं."

"आता वस्तू जायची वेळ आली तेव्हा आठवलं," मुकादम म्हणाला.

ठिणगीला त्याच्या अंगावर जायचं होतं. हातात मूठ होती. मूठ सोडली तर चाळीस पावलांचा दोर उलगडला असता. आयुष्यात पहिल्यांदा तिला राग आला आणि तिला जागचं हलता आलं नाही. तिनं बापाकडं बघितलं. बाप आता तिच्याकडं बघत नव्हता. चौभोकीकडं बघत होता, आणि अंगठ्याच्या सुजलेल्या सांध्यानं तिची कड हळूहळू चोळत होता.

साहेबांनी खिशातून कागद काढला. सगळं शांतपणे सांगितलं त्यांनी. जमिनीतून निघालेली जुनी वस्तू सरकारची असते, कधी का निघेना. चोरीचं कुणी म्हणत नाही, तसं काही लिहिणार नाहीत. पावती मिळेल. कपाटात नीट राहील, काचेखाली, शेजारी खड्ड्यातली. लोक बघायला येतील.

"खाली काय लिहाल?" बापानं विचारलं.

"सध्या तरी, उपयोग अज्ञात. कदाचित मानचिन्ह."

चाकापाशी आईचा दंड थरथरायला लागला होता. एवढा वेळ दांडा एका हातावर तोललेला. थरथर पेडांतून, चौभोकीतून, दोरातून ठिणगीच्या मुठीपर्यंत येत होती. विहीरवाला पुढं झाला आणि न बोलता आईच्या हातावर हात ठेवून दांडा त्यानं धरला. आई तिथंच खाली बसली. तिनं ठिणगीला शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं.

"काढून द्या," साहेब म्हणाले.

"निघत नाही अशी," बाप म्हणाला. "पेड आहेत आत. दोर पुरा झाला की चाकापाशी आपोआप सुटते."

साहेबांनी बाईंना खूण केली. बाईंनी पिशवीतून नंबर घातलेली कापडी थैली काढली, आणि मातीतली मुळं छाटायला ठेवतात ते ब्लेड. चार पेडांपाशी येऊन त्या थांबल्या. त्यांचाही हात पुढं होत नव्हता.

"तुटला की गेला दोर," दांडा न सोडता विहीरवाला म्हणाला. "जोडलेल्या दोरावर मी माणूस सोडत नाही. आणि वाख संपलाय यांचा. पावसाशिवाय नवा नाही."

"साहेब," बाप म्हणाला. आवाज चढवला नाही त्यानं. दोन्ही तळवे चौभोकीभोवती मिटलेले, पाय अजून चालत्या माणसासारखे, एक पुढं, एक मागं. "न्यायची तर न्या. मी नाही म्हणत नाही. पण वीस पावलं राहिलीत. फक्त वीस. चहा होईपर्यंत होतंय. तुम्ही बसा, ही चहा टाकते, आणि मी तेवढी वीस पावलं चालून देतो."

दारात ड्रायव्हरनं गाडी चालू केली. साहेबांनी मनगट वर करून घड्याळ बघितलं, मग पट्टीकडं, मग बापाच्या हातांकडं. त्यांना खरंच वाईट वाटलं असावं. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"बसलो असतो हो," ते म्हणाले, "पण मला आता निघायला हवं."